दाखवायची चूल

आमच्या घरात तेव्हा दोन चुली होत्या. एक स्वयंपाकाची आणि एक दाखवायची. दाखवायची चूल माझ्या वाट्याला आली, कारण घरात सगळ्यात धाकटी मी होते आणि नको म्हणायची सोय धाकट्यांना नसते. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे मी शाळेत शिकले होते. चुलीचंही तसं असतं हे सासरी आल्यावर कळलं. त्या चुलीची लाज मला अजून वाटते. नुसती आठवली तरी पदर सारखा करावासा वाटतो.

आमचं गाव भूमच्या बाजूचं, म्हणजे पाऊस ज्या बाजूला यायचा विसरतो त्या बाजूचं. बहात्तरच्या दुष्काळात गावाने नाल्यावर पाझर तलाव बांधला. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं, पण माहेरी मीही दुष्काळी कामावर खडी फोडली होती, तिथे वाटायचे ती सुकडी खाल्ली होती, परदेशातून आलेल्या त्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी दाताखाली रगडल्या होत्या. त्यामुळे सासरी आले तेव्हा घर परकं वाटलं, माणसं परकी वाटली, पण तलाव परका वाटला नाही. त्याच्या बांधावर चढलं की पायाखाली किती बायकांच्या पाट्या आहेत ते मला न सांगता कळायचं.

पाझर तलावातून पाट काढत नाहीत. पाणी साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना येतं. म्हणजे कुणाच्या विहिरीत किती आलं हे मोजता येत नाही, आणि कुणी किती उपसलं हे मात्र सगळ्यांना भोगावं लागतं. म्हणून गावाने नियम केले होते. तलावाखाली ऊस लावायचा नाही, केळी लावायची नाही. शाळू, करडई, हरभरा घ्यायचा. शिमगा झाला की सगळ्यांची विहिरीवरची इंजिनं बंद, उरलेलं पाणी माणसांना आणि जनावरांना. उन्हाळ्यात घरटी एका माणसाने तलावातला गाळ काढायचा आणि हलक्या रानात नेऊन टाकायचा. बांधावरच्या बाभळीला कुऱ्हाड लावायची नाही. हे सगळं कुठल्या साहेबाने शिकवलं नव्हतं. दुष्काळाने शिकवलं होतं आणि माझ्या थोरल्या दिरांनी ते गावाच्या गळी उतरवलं होतं.

दिरांबद्दल खरं ते सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. तलावाच्या कामाला पहिली पाटी त्यांनी उचलली होती, भांडणारे शेजारी त्यांनी एका घोंगडीवर बसवले होते. गावच्या पाणी मंडळाचे ते अध्यक्ष होते आणि गावात त्यांना सगळे दादाच म्हणायचे, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा.

नियम पाळायची शपथ दसरा झाला की खंडोबाच्या देवळात व्हायची, रब्बीच्या पेरणीआधी. ज्याची ज्याची जमीन तलावाखाली, त्या घरच्या कर्त्याने बेलभंडारा उचलायचा. त्याने उचलला की त्याच्या चुलीवर जेवणारे सगळे त्या शपथेने बांधले गेले, अशी रीत. बौद्धवाड्यातल्या चार घरांची रानंही तलावाखाली होती, गायरानातली. त्यांच्यातले एक वयस्कर आबा होते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच सालात मी बायकांच्या घोळक्यातून बघत होते. आबा पुढे आले, भंडाऱ्याकडे त्यांनी हात नेला नाही.

"आमी भंडारा उचलत न्हाय," ते म्हणाले. "शब्द देतो. दिला म्हंजी दिला."

मागे कुजबुज झाली. देवाला न भिणाऱ्याच्या शब्दावर काय विसंबायचं, असं कुणीतरी बोललं. दिरांनीच हात वर करून त्याला गप्प केलं. मला तेव्हा आमच्या घराचा फार अभिमान वाटला होता. तो अभिमान नंतर मला चांगलाच महागात पडला.

पुढे दोनेक सालांनी तालुक्याच्या पलीकडे नवा सहकारी साखर कारखाना उभा राहायला लागला. चिमणी वर चढण्याआधीच माणसं चढायला लागली. ज्याच्या त्याच्या तोंडी शेअर, गाळप, संचालक. आमच्या दिरांना संचालक व्हायचं होतं. पैशाचा लोभ म्हणाल तर तो नव्हता. त्यांना जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायचं होतं, एवढंच. पण संचालकाच्या निवडणुकीला उभं राहायचं तर कारखान्याला ऊस घालणारा सभासद पाहिजे. आणि आमची बागायत जमीन सगळी तलावाखाली, जिथे ऊस लावायचा नाही अशी शपथ खुद्द त्यांनीच गावाकडून घेतलेली.

दिवाळीच्या तोंडावर ते परंड्याहून एस्टीने आले. बरोबर चार माणसं होती, ती चहा पिऊन गेली. मग त्यांनी माझ्या जाऊबाईंना, ह्यांना आणि मला समोर बसवलं.

"आपण वाटणी करू," दीर म्हणाले.

हे उभेच राहिले. "दादा, म्या काय चुकलो?"

"बस खाली. खरी वाटणी न्हाय रं. बेलभंडारा म्या उचललाय, तो माझ्या चुलीला लागू. तुजी चूल येगळी झाली की तुला शपथ न्हाय. तळ्याखालच्या रानात दीड एकर ऊस तू लाव. ऊस तुटून कारखान्यावर गेला की पुन्ना एक व्हायचं."

"पण कारखान्यावर ऊस तुमच्या नावानं लागंल ना?" ह्यांनी विचारलं.

"तलाठ्याकडं कुठं वाटणी करायची हाय? कागद हाय तसाच ऱ्हाईल."

म्हणजे गावात ऊस धाकट्याचा आणि कारखान्यावर थोरल्याचा. जाऊबाईंनी एकच विचारलं, "आन् देव?" त्यावर दीर अगदी शांतपणे म्हणाले, "देवाला कुठं फसवतोय आपण? रीतच तशी हाय. चूल येगळी, शपथ येगळी." त्यांना ते पटलेलं होतं. लबाडी करणाऱ्यापेक्षा लबाडी पटलेला माणूस जास्त अवघड, कारण त्याच्याशी भांडता येत नाही. हे भांडले नाहीत. वडील गेल्यावर दिरांनीच ह्यांना वाढवलं होतं. दादा म्हणतील ती पूर्व दिशा.

मी पडवीत चूल घातली. काळी माती, भुसकट, शेण, सगळं नीट मळून. चूल चांगली झाली, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. पण गावाला नुसती चूल पुरेना. भांडणाशिवाय भाऊ वेगळे कसे झाले, असं सगळे विचारायला लागले. तेव्हा दीर म्हणाले की आता तुम्ही दोघी भांडा.

जाऊबाई स्वभावाने गरीब. पण पाणवठ्यावर त्यांनी घागर आपटली आणि सुरुवात केली तेव्हा मी थक्क झाले. मी आळशी, मी चोरून लोणी खाते, माझ्या माहेरच्यांनी मानपानात हात आखडला. मीही ठरल्याप्रमाणे बोलले, त्या नवऱ्याचे कान भरतात, मला शिळं वाढतात. बोलता बोलता दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यात अर्धंअधिक खरं होतं. घरी आल्यावर त्यांनी मला जवळ घेऊन विचारलं, "लोण्याचं तुला लागलं का गं?" मी म्हटलं, "न्हाय अक्का, मानपानाचं लागलं." मग दोघी तोंडाला पदर लावून हसलो. त्या एका हसण्याचीही मला लाज वाटते, कारण बाहेर गाव आमच्यासाठी हळहळत होतं.

रोज संध्याकाळी मी माझी चूल पेटवायची. तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या सारायच्या, वर पाण्याचं भांडं ठेवायचं, धूर गल्लीत जाईल असं बघायचं. भाकरी आत अक्का करायच्या, आणि दार लावून आम्ही सगळे एकत्र जेवायचो. ज्या मुलखात बायका सरपणासाठी कोसभर चालतात, तिथे मी रोज नुसत्या पाण्याखाली जाळ घालत होते.

ऊस लागला. शाळूच्या रानांमध्ये तो हिरवा तुकडा लांबूनही डोळ्यांत खुपायचा. शिमगा झाला, गावातली इंजिनं बंद झाली आणि आमचं तेवढं चालू राहिलं. बंद इंजिनांच्या गावात एक इंजिन किती मोठ्याने वाजतं, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. माणसं ह्यांच्याकडे आली. ह्यांना शिकवून ठेवलेलं वाक्य होतं, ते ह्यांनी जमिनीकडे बघत म्हटलं, "माजी चूल येगळी हाय. म्या शपथ घेतली न्हाय." मग माणसं दिरांकडे गेली. दीर हताश होऊन म्हणाले, "येगळा झाल्यावर कोण कुणाचं ऐकतंय?"

बौद्धवाड्याची विहीर आमच्या उसाच्या अगदी खालच्या अंगाला. ती सगळ्यात आधी आटली. चैत्रात तळाला घागर बुडेना, वैशाखात तळ दिसला. तलावात भेगा पडल्या. गाळ काढायला माणसं उतरली, पण दरवर्षीसारखी थट्टामस्करी नव्हती. पाऊस पडेपर्यंत पाणी कुठून आणायचं, हा एकच विषय.

आमची घराजवळची विहीर जुनी आणि खोल होती. पिण्याच्या विहिरींत तेवढीच काय ती टिकली. दिरांनी दारातल्या हौदात पाणी भरून ठेवायला सुरुवात केली आणि गावाला सांगितलं, न्या. बौद्धवाड्यातल्या बायकांना ते पहिला नंबर द्यायचे, स्वतः उभं राहून. "आधी त्यांची हीर आटलीय, आधी त्यांना." दुसऱ्या गावांत त्या काळी असं सहज होत नव्हतं, हेही खरं. बायका घागरी भरायच्या, दिरांना हात जोडायच्या, आणि माझ्या पडवीवरून जाताना तोंड फिरवायच्या.

त्यांच्यात एक मावशी होत्या, त्या आबांच्या सूनबाई. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. बांधावर गवत कापायला आम्ही कितीदा बरोबर गेलो होतो, माझ्या पायात बाभळीचा काटा गेला तेव्हा त्यांनीच काढला होता. त्या माझ्यासमोरून अशा जायच्या, जशी पडवीत मी नाहीच. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की अहो, ज्यांना हात जोडता ना, ऊस त्यांचा आहे. पण मी चुलीत तुऱ्हाट्या सारत बसायचे. नवऱ्याचं नाव जाईल, घर मोडेल, अक्कांना काय वाटेल, अशी भीती तर होतीच. खरं म्हणजे खोटं इतके दिवस नीट सांभाळलं होतं, की आता ते मोडायला मला संकोच वाटत होता.

शेवटी मंडळाची बैठक बसली, देवळासमोरच्या लिंबाखाली, दुपार कलल्यावर. माणसं चिडलेली होती. ऊस पेटवून द्या, असं काही जण म्हणत होते. अध्यक्ष म्हणून न्याय करायचा तो दिरांनी, आणि आरोपी त्यांचा भाऊ. दीर उभे राहिले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता, ते नाटक नव्हतं. मला वाटतं त्या वेळी त्यांना स्वतःलाही वाटणी खरी वाटत होती.

"माजा भाऊ हाय म्हणून म्या पाठीशी घालणार न्हाय," ते म्हणाले. "त्यानं गावाचं पाणी खाल्लं. उभं पीक जाळायचं पाप मात्र गावानं करू नये. ऊस ऱ्हाऊ द्या. पण पावसाच्या आत बौद्धवाड्याच्या हिरीचा गाळ त्यानं एकट्यानं काढायचा आन् हीर दोन पुरुस खोल करून द्यायची."

माणसं वाहवा करायला लागली. सख्ख्या भावाला सोडलं नाही, असा न्याय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरानेच फाशी सुनावली आणि टाळ्या घेतल्या. हे मान खाली घालून उभे होते. शर्टाच्या पाठीवर घाम फुटला होता. मला बायकांच्या मागे उभं राहवेना.

तेवढ्यात आबा काठी टेकत उठले. "शिक्षा कशाला?" ते म्हणाले. "गेलेलं पाणी काय शिक्षेनं येणार हाय? पोरगं चांगलं हाय. पुढच्या साली शब्द पाळंल. गाळ काढाया आमी बी येतो."

हे त्यांच्याकडे बघूही शकले नाहीत. मला वाटलं, त्यांनी ह्यांच्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर दार लावून आम्ही जेवायला बसलो. दीर म्हणाले, "निभावलं एकदाचं." ह्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवून दिली. अक्का उठून आत गेल्या. मी धीर करून म्हटलं, "दादा, आबांना तरी खरं सांगा." ते रागावले नाहीत. "आता सांगून तुज्या नवऱ्याची शोभा कशाला करती?" एवढंच म्हणाले आणि वरण मागितलं. पुढे ऊस तुटला, कारखान्यावर गेला, दीर संचालक झाले आणि जीपमध्ये पुढे बसले. गावाने त्यांचा सत्कार केला, त्यात तो न्याय आवर्जून सांगितला गेला. कुंपणाने शेत खाल्लं आणि वर कुंपणालाच हार.

पण मला ते सगळं आठवत नाही तितका तो गाळ आठवतो. वैशाखातली सकाळ होती. एकट्याने काढायचा असला तरी मी ह्यांच्याबरोबर गेले. हे विहिरीत उतरले, मी काठावर दोर धरून. दोनतीन पाट्या कशाबशा ओढल्या, तोवर हाताची सालं निघाली. मग बौद्धवाड्यातून बायका आल्या, पुरुष आले. पुरुष खाली उतरले, बायकांनी दोर धरले. माझ्या दोराला मावशी येऊन उभ्या राहिल्या.

कितीतरी महिन्यांनी त्या माझ्या इतक्या जवळ होत्या. आम्ही पाट्या ओढत होतो, गाळ बाजूला टाकत होतो. तो गाळ त्या आपल्याच रानात नेणार होत्या, त्यासाठी त्यांनी ढीगसुद्धा नीट वेगळा लावला होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "दादानं न्याव बरा केला."

माझ्यातलं काहीतरी तिथे सुटलं. दोर हातात तसाच धरून मी म्हटलं, "मावशी, आमी येगळं झालेलोच न्हाय. ऊस दादांचा हाय."

त्यांनी पाटी काठावर ओढून घेतली, रिकामी केली, परत खाली सोडली.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

मला कळेना. "कुणाला?"

"समद्या वाड्याला. आबाला बी. तुज्या पडवीत रोज चूल पेटायची, पर भाकरी थापल्याचा आवाज कवाच आला न्हाय. बाया हायेत आमी, आमाला आयकू येतं."

म्हणजे ते हात जोडणं, ते तोंड फिरवणं, लिंबाखाली आबांनी केलेली ती क्षमा. मग मी विचारलं, आणि आवाजात चक्क तक्रार होती, जशी काही चूक त्यांची होती. "मग बोलला का न्हाय? बैठकीत उभं ऱ्हाऊन सांगायचं की."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. रोजच्या रोज जमाखर्च करून जगणाऱ्या बाईचं ते बघणं होतं.

"सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "मग दुसऱ्या दिशी हौदावर घागर कुणी भरू दिली असती?"

वरच्या अंगाला आमचं इंजिन चालू होतं. उसाला पाणी जात होतं. विहिरीतून ह्यांनी हाक दिली की पाटी भरली, ओढा, आणि मावशींनी ओढायला सुरुवातही केली होती. माझा हात मात्र दोरावर नुसताच होता.